शेजारच्या हनुकाला हाताने केलेलं कार्ड

पत्र

ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझं माहेर पेणचं, सासर साताऱ्याचं. शेजारी एक ज्यू कुटुंब आहे: नवरा-बायको, दोन मुलं आणि मुलांची आजी. दर दिवाळीला त्यांची मुलं स्वतः रंगवलेलं कार्ड आमच्या दारात आणून देतात. आम्ही आजवर तोंडी 'हॅपी हनुका' म्हणण्यापलीकडे काही केलेलं नाही, आणि आता त्याची लाज वाटते. यंदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ठरवलंय की त्यांच्या हनुका या सणाला आपणही कार्ड करायचं. एक कच्चं कार्ड करूनही झालंय. निळा कागद, वर सात दिव्यांची समई (नेटवर तसं चित्र मिळालं), खाली पणत्यांची ओळ, कोपऱ्यात स्वस्तिक, आणि आत इंग्रजीत 'तुम्हाला ज्यू दिवाळीच्या शुभेच्छा'. मिस्टर म्हणतात, नसती जोखीम कशाला घ्यायची, दुकानातून एक आणू आणि देऊ. तुम्हाला काय वाटतं? सोबत घरच्या चकल्या दिल्या तर चालतील का? आणि नेमकं द्यायचं कधी? दर वर्षी तारीख वेगळीच ऐकू येते.

एक वाचक, एडिसन

उत्तर

सप्रेम नमस्कार.

कार्ड घरीच करा. ती मुलं दर दिवाळीला तुमच्यासाठी कागद आणि रंग घेऊन बसतात, त्याची परतफेड दुकानातल्या कार्डाने होणार नाही. तरी तुमच्या मिस्टरांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. तुमच्या कच्च्या कार्डावर एक गोष्ट अशी आहे, की ती तशीच गेली असती तर त्या घरातल्या आजींच्या काळजात चर्र झालं असतं. म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

स्वस्तिक काढून टाका. त्याचा अर्थ खाली समजावून सांगायचा, चार ठिपके देऊन ते वेगळं दाखवायचं, असा कुठलाच मधला मार्ग काढू नका. आपल्या उंबऱ्यावर, कलशावर, वहीच्या पहिल्या पानावर ते मंगल आहे आणि मंगलच राहील. पण युरोपात तसाच आकार नाझींच्या झेंड्यावर होता, आणि त्या झेंड्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले. अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू घरांमध्ये कोणाची आत्या, कोणाचे आजोबा त्यात गेलेले आहेत. अशा माणसाने पाकीट उघडलं की तो आकार आधी दिसणार, तुमचा हेतू नंतर. ज्याला तो भेद समजून घ्यायचाय त्याच्याशी एखाद्या दुपारी चहा पिता पिता जरूर बोला, त्यांनाही ते ऐकायला आवडेल. कार्ड ही ती जागा नव्हे.

कार्डासोबत जे काही देणार असाल तेही उलटसुलट करून बघा. इंडियन स्टोअरमधून आणलेला मिठाईचा खोका, दिवाळीत उरलेली भेटीची पिशवी, 'शुभ लाभ'ची चिकटपट्टी, रांगोळीच्या नक्षीची किनार, या सगळ्यांवर कुठे ना कुठे एखादं बारीक स्वस्तिक असू शकतं. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्याला ते दिसतही नाही.

आता 'ज्यू दिवाळी'. हे तुम्ही प्रेमाने लिहिलंय. दोन्हीकडे दिवे, दोन्हीकडे तळण, दोन्हीकडे मुलांच्या हातात खाऊ, तेव्हा साम्य दिसणारच. पण हनुका कशाचा सण आहे ते एकदा मुलीला सांगा, म्हणजे हे दोन शब्द का नकोत ते तिचं तिलाच कळेल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यूंच्या यहुदिया प्रदेशावर सीरियातल्या ग्रीक राजाचं, चौथ्या अँटायोकसचं राज्य होतं. त्याने ज्यूंना त्यांचे धर्माचार पाळायला बंदी केली आणि इसवी सनापूर्वी १६७ मध्ये जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. यहूदा मकाबी आणि त्याचे भाऊ लढले. १६४ मध्ये त्यांनी मंदिर परत मिळवलं, शुद्ध केलं आणि पुन्हा देवाला अर्पण केलं. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथातली पुढची गोष्ट मुलांना फार आवडते: दिव्यासाठी शुद्ध तेलाची एकच मोहोरबंद कुपी सापडली, तेल एका दिवसापुरतं होतं, आणि दिवा आठ दिवस तेवला.

म्हणजे 'तुम्हीही आमच्यासारखेच व्हा' या दडपणाला जे बधले नाहीत, त्यांचा हा सण आहे. अशा सणाला 'तुमचा सण म्हणजे आमचीच दिवाळी' असं म्हटलं तर त्याचा गाभाच पुसला जातो. त्या लोकांना डिसेंबरभर 'ज्यू ख्रिसमस' ऐकावं लागतं, त्यात आपली भर नको. तुमच्या शेजारच्या मुलांचं दिवाळीचं कार्ड आठवून बघा. त्यावर 'हिंदू हनुका' असं नक्कीच लिहिलेलं नसेल. त्यांनी पणती काढली असेल, दिवाळीला दिवाळी म्हटलं असेल. तुम्हीही तेवढंच करायचंय: कार्डाची दर्शनी बाजू पूर्ण त्यांच्या सणाची.

मग पणत्यांचं काय? त्या आतल्या पानावर, तुमच्या नावांशेजारी काढा. मुलीने सहीजवळ एक पणती काढली की कार्ड कोणाकडून आलं ते दिसतं, आणि बाहेरच्या दिव्यांवरून ते कोणासाठी आहे ते दिसतं. दोन्हींची सरमिसळ होत नाही.

बाहेरच्या दिव्याकडे येते. सात फांद्यांचा मेनोरा हा जेरुसलेमच्या मंदिरातला दिवा, इस्रायलच्या राजचिन्हावरही तोच आहे. चित्र चुकीचं नाही, पण हनुकाचं नाही. हनुकाच्या दीपस्तंभाला नऊ जागा असतात, त्याला हनुकिया म्हणतात. अमेरिकेत सर्रास त्यालाही मेनोराच म्हणतात, त्यामुळे नेटवर दोन्ही चित्रं एकाच नावाखाली मिळतात आणि गोंधळ होतो. आठ जागा आठ रात्रींच्या, त्या सगळ्या एका पातळीत. नववा दिवा शमाश, म्हणजे सेवक. तो थोडा उंच किंवा बाजूला असतो, आणि बाकीचे दिवे त्याच्यावरून लावतात. हनुकाच्या दिव्यांचा कामासाठी उजेड म्हणून वापर करायचा नसतो, ते नुसते बघायचे. म्हणून हा नववा वेगळा. मुलगी काढेल तेव्हा एवढं तपासा की आठ दिवे सारख्या उंचीवर आहेत आणि एकच वेगळा उठून दिसतोय.

पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढत वाढत आठ. यावरही जुना वाद आहे. शम्माय आणि हिलेल हे दोन जुने धर्मगुरू. शम्मायच्या परंपरेचं म्हणणं होतं की आठपासून सुरू करून रोज एक कमी करावा. हिलेलच्या परंपरेने सांगितलं की पवित्र गोष्टीत वाढ करत जावी, घट करू नये. हिलेलचं म्हणणं टिकलं. शमाश धरून आठ रात्रींच्या एकूण मेणबत्त्या किती लागतात ते मुलीला गणित म्हणून घाला. उत्तर ४४, आणि दुकानातल्या खोक्यात बहुधा तेवढ्याच असतात.

ही रोज एक वाढायची गंमत कार्डातच आणता येईल, आणि मला वाटतं तुम्ही तेच करावं. सात इंच रुंद आणि पाच इंच उंच असं आडवं कार्ड घ्या. कागद गडद निळा आणि जाड. घडी घालायच्या जागी आधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबा, म्हणजे घडीवर कागद फाटत नाही. पांढऱ्या कागदाच्या आठ सारख्या पट्ट्या मेणबत्त्या म्हणून चिकटवा, दोन पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.८ सेंटिमीटर अंतर ठेवा. बरोबर मधोमध शमाशची नववी, बाकीच्यांपेक्षा बोटाच्या पेराएवढी जास्त उंच. शमाशची पिवळी ज्योत कायमची चिकटवून टाका, कारण तो रोजच पेटतो. बाकी आठ मेणबत्त्यांच्या टोकाशी एक सेंटिमीटरची आडवी चीर द्या. हे कटरचं काम तुम्ही करा, मुलीच्या हाती देऊ नका.

ज्योती वेगळ्या कापायच्या. वर आठ मिलिमीटर रुंदीची ज्योत, खाली दीडेक सेंटिमीटरचा दांडा, आणि दांड्याच्या पायाशी दोन्हीकडे पंख ठेवून रुंदी १४ मिलिमीटर. कार्डाच्या मागच्या बाजूने ज्योत चिरेतून वर सरकवली की पाय चिरेला अडतो आणि ज्योत निघून येत नाही. खाली सरकवली की ज्योत कागदामागे लपते. पण मग ती आतच पडून राहील, म्हणून मागच्या बाजूला दोन्ही बाजूंनी चिकटणारी एक आडवी टेप अशा उंचीवर लावा की पाय तिच्यावर टेकला तरी ज्योतीचं दोन मिलिमीटर टोक चिरेबाहेर राहील. तेवढं टोक चिमटीत धरून वर ओढता येतं. शेवटी मागे एक पातळ कागद लावून सगळं झाका. टेप फक्त कडांना आणि त्या आडव्या रेघेवर, मध्ये कुठेही डिंक नको, नाहीतर ज्योती अडकतील. देण्याआधी आठही ज्योती वर-खाली करून बघा.

दिवे उजवीकडून भरत जातात हे विसरू नका. पहिल्या रात्रीची मेणबत्ती सगळ्यात उजव्या टोकाची, दुसरी तिच्या डावीकडे, असं पुढे. मागच्या पानावर मुलीने छोट्या अक्षरात 'उजवीकडून सुरू करा' असं लिहिलं तर शेजारच्या मुलांना कळेल की हिने नीट चौकशी करून कार्ड केलंय.

रंगांत फार अडकू नका. निळा-पांढरा, वर थोडं रुपेरी किंवा सोनेरी, पुरे. लाल-हिरवी रिबन घरात उरली असेल तर ती ख्रिसमसची म्हणून बाजूला ठेवा. ज्यूंची खूण असलेली सहा टोकांची चांदणी काढायची असेल तर दोन सारखे त्रिकोण कापून एक उलटा ठेवला की झालं. ड्रेडल हा चार बाजूंचा भोवराही चांगला दिसतो. त्याच्या चार बाजूंवर नून, गिमेल, 'हे' आणि शीन ही हिब्रू अक्षरं असतात. 'तिथे मोठा चमत्कार झाला' या वाक्याची ती आद्याक्षरं. इस्रायलमध्ये 'तिथे'च्या जागी 'इथे' म्हणतात, म्हणून शीनऐवजी पे येतं. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तुम्हाला शीनचाच भोवरा हवा. नेटवर चित्र शोधताना नेमकी इथेच चूक होते.

हिब्रूत सणाचं नाव लिहायची हौस असेल तर लिहा, पाचच अक्षरं आहेत. फक्त हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि पुष्कळ चित्रकलेच्या ॲपमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरांचा क्रम उलटतो. तो ओळखायची खूण सांगते. पहिलं अक्षर 'खेत' आणि शेवटचं 'हे', दोन्ही दाराच्या चौकटीसारखी दिसतात. खेतचे दोन्ही पाय वरच्या आडव्या रेघेला जोडलेले असतात, 'हे'चा डावा पाय वरून सुटलेला असतो, मध्ये फट दिसते. फट असलेली चौकट सगळ्यात डावीकडे असली तर नाव सरळ आहे. ती उजवीकडे दिसली तर उलटलंय, पुन्हा करा. इंग्रजीत एचपासून आणि सीएचपासून सुरू होणारी दोन्ही स्पेलिंग चालतात.

हिब्रूतली प्रार्थना किंवा आशीर्वाद मात्र उतरवून काढू नका, कितीही सुंदर दिसला तरी. त्यात देवाचं नाव येतं, आणि देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू माणूस कचऱ्यात टाकत नाही. असे कागद सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वेगळे साठवतात आणि मग जमिनीत पुरतात. लग्नपत्रिकेवरचा गणपती रद्दीत टाकताना आपला हात अडतो ना, तसंच. शेजाऱ्यांना तुमचं कार्ड आवडलं तर ते जपतीलच, पण जपण्याची सक्ती त्यांच्यावर पडू नये.

आतला मजकूर दोन-चार ओळींचा असू द्या आणि तो तुमच्याच घरातून येऊ द्या. प्रकाशाचा अंधारावर विजय वगैरे छापील कार्डावर असतंच. त्याऐवजी मुलगी लिहील, 'तुमच्या खिडकीतले दिवे आमच्या स्वयंपाकघरातून दिसतात, मी ते रोज मोजते', किंवा 'दिवाळीला तुम्ही दिलेलं मोराचं कार्ड माझ्या कपाटावर लावलंय'. जे खरं असेल ते. दिवे खिडकीत ठेवायची पद्धत आहेच मुळी रस्त्यावरच्या माणसाला दिसावेत म्हणून, त्यामुळे शेजाऱ्याने 'आम्हाला दिसतात' म्हटलं की त्यांना बरं वाटेल. आजींचं नाव वेगळं लिहा. वर 'हॅपी हनुका', किंवा इंग्रजी लिपीत 'हाग हनुका समेयाख', हनुकाचा सण आनंदाचा जावो. इस्रायलबद्दल, तिथल्या राजकारणाबद्दल एक शब्दही नको, बाजूने नको आणि विरोधातही नको. ते अमेरिकेतलं कुटुंब आहे, त्यांची मतं काय आहेत ते आपण गृहीत धरू नये.

तुम्ही माहेर पेणचं म्हणून लिहिलंत, त्यावरून एक सुचवते. पेणला बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. तुमच्या माहेरी कोणी ना कोणी पेणकर, रोहेकर, नवगावकर ओळखीचे असतील. मराठी बोलणारे, कोकणच्या गावांची आडनावं लावणारे हे ज्यू. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असं ते सांगतात. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत आणखी एक गोष्ट सांगतात: मकाबींच्या त्या घटनेआधीच पूर्वज निघाले होते, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या त्यांना हनुका माहीतच नव्हता, तो पुढे कळला. आज ते हनुका करतात. शेजारच्या कुटुंबाला कोकणातल्या ज्यूंची गोष्ट बहुधा ठाऊक नसेल. कार्डात एक ओळ पुरे: 'माझ्या आईच्या गावी मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं सिनेगॉग आहे.' पुढच्या भेटीत बोलायला विषय मिळेल, आणि खरा जिव्हाळ्याचा विषय मिळेल.

चकल्यांचं थेट विचारा: तुमच्याकडे कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम, पाळता का? हा प्रश्न त्यांना नवा नाही आणि टोचणाराही नाही. पुष्कळ अमेरिकन ज्यू कुटुंबं पाळत नाहीत, मग चकल्या खुशाल द्या. हनुकात तळलेलंच खातात, बटाट्याचे लाटके, जॅमचे डोनट, त्यामुळे त्या शोभूनही दिसतील. काटेकोर पाळत असतील तर पदार्थ शाकाहारी असून भागत नाही, भांडी आणि कढईही कोशर लागते, तेव्हा घरचं काहीच देऊ नका. त्याऐवजी सोनेरी वेष्टनातली चॉकलेटची नाणी मिळतात, मुलांना हनुकात ती देतातच. पाकिटावर गोलात इंग्रजी यू अशी कोशरची खूण बघून घ्या आणि पाकीट न फोडता द्या.

तारखेचं कोडं मराठी माणसाला चटकन सुटतं. ज्यूंचे महिने चंद्राचे, आणि सूर्याशी मेळ घालायला त्यांच्याकडेही अधिक महिना येतो, १९ वर्षांत सात वेळा. हनुका किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला लागतो, म्हणजे अमावास्या नेहमी त्याच आठ दिवसांत पडते. २०२५ मध्ये पहिला दिवा १४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागला. यंदा २०२६ मध्ये तो ४ डिसेंबरला लागेल, आणि पुढच्या वर्षी अधिक महिन्यामुळे थेट २४ डिसेंबरला. दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे कॅलेंडरात कधी आदली तारीख दिसते, कधी दुसरी.

यंदा ४ डिसेंबरला शुक्रवार आहे. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि त्यानंतर ज्योत पेटवता येत नाही, म्हणून त्या दिवशी हनुकाचे दिवे आधी लावतात, शब्बाथचे त्यानंतर, आणि दोन्ही सूर्यास्तापूर्वी. तुमच्याकडे त्या सुमारास साडेचारलाच सूर्य मावळतो. शुक्रवारी दुपारी त्या घरात धांदल असेल. तुमचं कार्ड पहिल्या रात्रीपासून वापरायचंय, तेव्हा गुरुवारी ३ तारखेला संध्याकाळी मुलीला घेऊन जा आणि तिच्याच हाताने द्या. दारातून परतायच्या तयारीने जा, बसायचा आग्रह झाला तर बसा.

नंतर एखाद्या रात्री दिवे लावायला या म्हणाले तर नाही म्हणू नका. प्रार्थना चालू असताना नुसतं शांत उभं राहायचं, तुम्हाला काही म्हणावं लागत नाही. मग मुलं ड्रेडल काढतात. नून पडलं तर काही नाही, गिमेल पडलं तर सगळी नाणी आपली, 'हे' पडलं तर अर्धी, शीन पडलं तर आपल्यातलं एक टाकायचं. हे मुलीला आधीच शिकवून ठेवा, तिथे गेल्यावर ती पहिल्या डावापासून खेळू शकेल.

तुमची,
ताई